हॉप्स शेवटी टाकायचे

पहिली पेल एल मी कडू करून ठेवली. पोर्टलंडला प्रोजेक्टवर होतो. तिथे घरी बिअर करायला परवानगी आहे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. ओरेगॉनमध्ये तयार झालेली, १९७२ साली आलेली कॅस्केड ही जात पपनसासारखी वासाची, म्हणून सगळी पहिल्याच मिनिटाला टाकली, तासभर उकळली. वास गेला, काढा उरला. पुढच्या खेपेला हॉप्स दुप्पट. (आम्हा इंजिनिअरांना आकडा वाढवणं तेवढं जमतं.) काढा आणखी कडू.

राजोडीला आईला हे सांगत नव्हतो. बाबा दारूने गेले. एकदा फोनवर तिनेच विचारलं, "एवढं काय उकळतोस?" सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गवती चहा तासभर उकळतात का रे? गॅस बंद करून टाकायचा, वर झाकण."

बरोबर होतं. हॉप्समधल्या अल्फा आम्लांतून कडवटपणा यायला लांब उकळी लागते. वासाची तेलं तेवढ्यात वाफेबरोबर उडतात. तिसऱ्यांदा थोडे सुरुवातीला घातले, बरेचसे आच बंद केल्यावर, उरलेले आंबवण संपत आल्यावर, न उकळता. बाटली उघडली, तर खरंच पपनस.

आईला फोटो पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "आला का वास?"