मिनातली आमची वेळ

अब्बा 2006 चे हाजी. त्या वर्षी 12 जानेवारीला, म्हणजे 12 जिलहिज्जाला, जमरातच्या पुलाच्या तोंडाशी चेंगराचेंगरी होऊन 346 हाजी शहीद झाले. अब्बा तेव्हा थोडे मागे होते. घरी आल्यावर त्याविषयी ते फारसे बोलले नाहीत. हजला निघालेल्या प्रत्येकाला मात्र एवढेच सांगत, "रमीला जाताना पिशवी नेऊ नका." 2023 साली अम्मीला घेऊन मिनाला गेलो तेव्हा मला त्याचा अर्थ कळला.

मिना म्हणजे डोंगरांमधली चिंचोळी दरी. वर्षातले पाच-सहा दिवस ते शहर असते, एरवी रिकामे तंबू. आमच्या वर्षी 18 लाखांहून जास्त हाजी होते. 11 आणि 12 तारखेला रमीची वेळ जवालनंतर सुरू होते, आणि 12 ला पुष्कळांना सूर्यास्तापूर्वी मिना सोडायचे असते. 2006 मध्ये लोक सामानासकट निघाले. पिशव्या खाली पडल्या, त्यांना अडखळून माणसे पडली, आणि मागून येणाऱ्यांना पुढे काय झाले ते दिसत नव्हते.

त्या दिवसाचे कॅमेऱ्यातले चित्रण डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर बारकाईने तपासले. गर्दी आधी सरळ वाहते, मग थांबत-थांबत सरकते, आणि शेवटी खवळलेल्या पाण्यासारखी कुठेही ढकलली जाते. तेव्हा माणसाचे पाय त्याच्या ताब्यात राहत नाहीत. थांबत सरकणे हीच धोक्याची खूण.

मग जुना पूल पाडून तासाला तीन लाख लोक जातील असा बहुमजली पूल बांधला. जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या केल्या, वर कॅमेरे आले, प्रत्येक छावणीला रमीची वेळ ठरवून दिली. 2010 पासून रेल्वे धावू लागली. कोणत्या तंबूतून किती निघाले, पुलावर किती आहेत, कोणता रस्ता भरला, याचा मेळ घालूनच माणसे सोडायची. तरीही 2015 मध्ये घात झाला, तो पुलावर नव्हे, पुलाकडे जाणाऱ्या 204 क्रमांकाच्या रस्त्यावर. सरकारी आकडा 769 चा, इतर देशांनी सांगितलेल्या आकड्यांची बेरीज त्याहून कितीतरी मोठी.

आमच्या तंबूला 11 तारखेची वेळ मिळाली रात्रीची. अम्मी नाराज झाली. तिला जवालनंतर लगेच जायचे होते. शेजारचा एक तरुण तर भडकलाच, "रमी म्हणजे काय रेशनची रांग आहे?" खरे सांगतो, मलाही तसेच वाटत होते. अम्मीने मौलानांना विचारले. ते म्हणाले, "अम्माजान, कमजोरांना रात्रीची सवलत आहे. निश्चिंत राहा."

रात्री निघालो, हातात फक्त खडे. अर्ध्या वाटेवर पोलिसांनी आमचा रस्ता बंद करून लांबच्या वळणाने वर पाठवले. अम्मीचे गुडघे दुखत होते, ती मला आणि पोलिसांना सारखीच बोलत होती. वर पोहोचल्यावर कठड्यावरून खाली पाहिले. ज्या रस्त्याने आम्ही जाणार होतो, तो माणसांनी भरून थांबत-थांबत सरकत होता. अम्मीने पाहिले आणि गप्प झाली.

पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, उष्म्याने 1,301 जण गेले. त्यातले पाचांत चारांहून अधिक परवान्याशिवाय आलेले होते. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी बस निघत नाही, सावलीचा तंबू नसतो. तो उन्हात चालत राहतो. स्वस्तात व्हिजिट व्हिसावर हज करवून देतो म्हणणारे एजंट आपल्या मोहल्ल्यांतही फिरतात. थोडे पैसे वाचतील म्हणून म्हाताऱ्या आईबापांना त्यांच्या हवाली करणे मला तरी गुन्हाच वाटतो.

अम्मीने तिन्ही ठिकाणी सात-सात खडे मारले, मोजून. तंबूत परतलो तेव्हा फजर जवळ आली होती. उशाची पिशवी तिने चाचपून पाहिली, सगळे जागेवर होते. मग म्हणाली, "तुझे अब्बा बरोबर सांगत होते. आता झोप थोडा."