खांद्यावरची ठेव

पहाटेचा गारवा अजून ओसरलेला नसतो. घोड नदीवरून येणारा वारा शिरूरच्या एस.टी. स्थानकात शिरतो आणि गाडीची वाट पाहणारी माणसे पदर, ओढण्या, मफलर सावरू लागतात. कोणी रांजणगावच्या कारखान्यात निघालेला असतो, कोणी पुण्यास, तर कोणी दौंडला. पूर्वी अशा प्रवाशाच्या हाती फडक्यात बांधलेली भाकरी आणि बगलेत छत्री असे. आता त्यांच्या जोडीला पाठीवर एक काळी पिशवी आलेली दिसते. तिच्यात असतो वहीसारखा मिटणारा एक चपटा संगणक. त्याला लॅपटॉप म्हणतात, हे मुलांना सांगावयास नको.

दौंडच्या एका शाळेत शिकविणारी एक तरुण शिक्षिका या गर्दीत रोज असते. घरी आणि शाळेत सारेच तिला ताई म्हणतात. न्हावरे, चौफुला करीत गाडी दौंडला जाते. वाटेत भीमा ओलांडावी लागते. उसाचा हंगाम असला, की ट्रॅक्टरांच्या मागे गाडी गोगलगायीसारखी सरकते. ताईला त्या विलंबाचे काही वाटत नाही. तिचे सारे लक्ष आपल्या पिशवीकडे असते.

त्याला कारणही तसेच आहे. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा ताईला छंद आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्या बायकांच्याही ओव्या आहेत. हे कळल्यापासून ताईही सुटीच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जाऊ लागली. म्हाताऱ्या बायका गात आणि ताई त्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये साठवून ठेवी. त्यांपैकी एक वृद्धा पुढच्याच श्रावणात निवर्तली. तिचा आवाज त्या यंत्राखेरीज कोठेही नव्हता.

एके दिवशी गाडीत अतोनात गर्दी होती. ताईने पिशवी पाठीवरच ठेवली आणि दांडीला धरून ती दौंडपर्यंत उभी राहिली. शाळेत येऊन झाकण उघडते तो काय! पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघाच रेघा! यंत्र पडले नव्हते, की त्यास पाण्याचा थेंबही लागला नव्हता. मग ते फुटले कशाने?

दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी यंत्राऐवजी आधी पिशवीच उघडून पाहिली. “अहो ताई, हा पडून फुटलेला नाही, दाबून फुटलाय,” ते म्हणाले. चार्जरचा टणक ठोकळा लॅपटॉपच्या झाकणाला टेकून ठेवलेला होता. त्यावर गर्दीचा रेटा आला आणि झाकणाआडची पातळ काच तडकली. मिटताना कळफलकावर पेन्सिलीचा तुकडा राहिला तरी हेच होते. दगडावर आपटून फुटणाऱ्या यंत्राची आपल्याला धास्ती असते. घात मात्र पुष्कळदा असल्या शेजाऱ्याकडूनच होतो.

मग त्यांनी यंत्राच्या पोटातील तबकडी दाखविली. चालू असताना ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते. तिच्यावरील लेखन वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. त्या वेळी जोराचा हिसका बसला, तर टोक तबकडीला घासते आणि लिहिलेले पुसून जाते. आता पुष्कळ लॅपटॉपांत अशी फिरती तबकडी नसते, परंतु ताईचा लॅपटॉप जुना होता. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने अशा तबकड्यांचे पहिले यंत्र विक्रीस आणले, तेव्हा त्याचे वजन सुमारे एक टन होते आणि त्यात अशा ५० तबकड्या होत्या. ते पाठीवर घेऊन एस.टी.त चढण्याचा प्रश्नच नव्हता! यंत्र लहान झाले आणि त्याची काळजी आपल्या खांद्यावर आली.

सुदैवाने तबकडी शाबूत होती. ओव्या वाचल्या. तरी त्या रात्री ताईला झोप लागली नाही.

आजीने सारी हकिकत ऐकली. आजीचे माहेर कासाराचे. तिचे वडील पाठीवर बांगड्यांचे गाठोडे घेऊन गावोगाव हिंडत. बांगड्या दोरीत ओवून त्यांच्या माळा करावयाच्या, प्रत्येक माळ जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळावयाची आणि मग गाठ मारावयाची, अशी त्यांची रीत. आजी म्हणाली, “अगं, गाठोड्यातनं खुळखुळ ऐकू आली की समजावं, माल फुटणार. अन् लई आवळलं तरी फुटतंच. अंगासरशी बसलं पाहिजे बघ.”

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नकलकार पोथीच्याच तोंडी एक विनवणी घालीत: मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका. काचेच्या बांगड्यांचा कासार आणि कागदाच्या पोथीचा नकलकार यांची एकमेकांशी गाठ पडली नसेल, पण सैल बांधणीचे भय दोघांनाही सारखेच होते.

आजीने लुगड्याच्या चार पदरांची, गोधडीसारखे टाके घातलेली खोळ शिवली. पिशवीच्या तळाशी एक जाड घडी बसविली, कारण पिशवी जमिनीवर टेकते तेव्हा पहिला धक्का यंत्राच्या कडेलाच बसतो. खोळीतला लॅपटॉप पाठीच्या बाजूस राहू लागला, चार्जर पुढच्या कप्प्यात गेला आणि पाण्याची बाटली तर पिशवीबाहेरच. निघण्यापूर्वी ताई यंत्र पूर्ण बंद करते. नुसते झाकण मिटलेले यंत्र कधी कधी खोळीतच जागे होते. ते तापले, की त्याची बॅटरी लवकर निकामी होते. गाडीत पिशवी मांडीवर असते, वरच्या फळीवर किंवा पायाशी नव्हे. खड्ड्यांचे धक्के गाडीच्या पत्र्यातून थेट पोचतात. मांडी मात्र त्यांतले पुष्कळसे पोटात घालते.

आणखी एक गोष्ट ताईने केली. खरे तर ती पहिल्याच दिवशी करावयास हवी होती. नकलकारांनी नकला केल्या म्हणूनच कितीतरी पोथ्या आपल्यापर्यंत आल्या. त्यांना एकेका नकलेसाठी महिनोन् महिने खपावे लागे. आपल्याला काही मिनिटे पुरतात, आणि तरीही आपण उद्यावर टाकतो! ताईने साऱ्या ओव्यांच्या दोन नकला केल्या. एक शाळेच्या कपाटात ठेवली आणि दुसरी, बोटभर लांबीच्या पेनड्राइव्हमध्ये, आजीच्या स्वाधीन केली. आजीने ती आपल्या हिरव्या बांगड्यांच्या डब्यात ठेवून दिली आहे.

रोज पहाटे ताई निघाली, की आजी उंबऱ्याशी येते. पिशवी हाती घेऊन हलकेच डोलविते आणि कान लावून ऐकते. आत काही वाजले नाही, म्हणजे म्हणते, “हं, जा आता.”