कौले उतरली, पत्रे चढले

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, सकाळचे सात वाजले असतील. धाकटीला नुकतेच पाळण्यातून उचलून स्वयंपाकघरात आणले होते. छपरावरून वानरांची टोळी गेली. माथेरानात ती रोजच जाते, म्हणून कोणी मान वर केली नाही. मग काहीतरी फुटल्याचा आवाज आला. आत जाऊन पाहिले तर कौलाचा पंजाएवढा तुकडा पाळण्यात पडला होता, बरोबर उशीवर. आणि फुटलेल्या जागेतून पावसाची धार थेट त्या उशीवर लागली होती.

अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो तुकडा उचलला, पदराने पुसला आणि कपाटावर ठेवला. आम्ही नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. छपराचा प्रश्न चार वर्षे पुढे ढकलत आणला होता, तो त्या सकाळी सुटला. म्हणजे कौले जाणार, एवढे ठरले. त्यांच्या जागी काय येणार, हे ठरायला पुढचे सात महिने लागले.

घर अब्बांनी बांधलेले. जांभ्याच्या भिंती, सागाचे वासे आणि वर मंगलोरी कौले. ही कौले घोड्यांच्या पाठीवरून वर आली, तेव्हा एका खेपेत किती यायची हे अब्बा आम्हाला लहानपणी मोजून सांगत. कौलांना नावे ठेवावीत असे काही नव्हते. उन्हाळ्यात घर गार, पावसाचा आवाज मऊ, आणि एक फुटले तर एकच बदलायचे. पण त्यासाठी दरवर्षी मिरगाच्या आधी शाकारणी करावी लागते. प्रत्येक कौल काढायचे, शेवाळ खरवडायचे, तडकलेले बाजूला करायचे, पुन्हा लावायचे. आमच्याकडे शाकारणीला येणारे चाचा आता सत्तरीला आले आहेत. त्यांच्या मुलांनी ते काम धरले नाही. आणि वानरे काही मिरगाची वाट पाहत नाहीत.

आमचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. उंची फार नाही, पण पाऊस मात्र डोंगराचा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत चार-पाच हजार मिलीमीटर पडतो, तोही सरळ नाही. पश्चिमेकडून झड येते आणि पाणी कौलांच्या सांध्यातून खालून वर चढते. त्यात महिना महिना ऊन नाही. कपाटातल्या कपड्यांना बुरशी, चपलांना बुरशी. अशा ठिकाणी छप्पर निवडताना मैदानातल्या नातेवाइकांचा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही, हे आम्हाला लवकरच कळले.

स्लॅबचा विचार पहिल्या दिवशीच सोडला. जुन्या भिंतींवर एवढे वजन टाकायची हिंमत नव्हती, आणि दस्तुरीच्या पुढे गाडी येत नाही, म्हणजे रेती, खडी, सिमेंट सगळे घोड्यावरून किंवा हातगाडीवरून. सिमेंटचे पत्रे स्वस्त होते, आवाजही कमी करतात. पण त्यांत ॲस्बेस्टॉस असतो. पत्रा कापताना किंवा फुटताना त्याची जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात बसते, आणि त्यातून कॅन्सरही होतो. शिवाय वानराच्या उडीला तोही फुटतो. मग ज्या कारणासाठी कौले काढायची तेच कारण पुन्हा छपरावर का चढवायचे? राहिला लोखंडी पत्रा.

अम्मींचा त्याला विरोध होता. त्यांचे म्हणणे एकाच वाक्यात होते, "पत्र्याखाली माणसाला माणसाचा आवाज येत नाही." लग्नाआधी त्या पत्र्याच्या खोलीत राहिल्या होत्या. पावसाळ्यात अजान ऐकू यायची नाही, वडील घड्याळ पाहून सगळ्यांना उठवायचे. मे महिन्यात दुपारी आत बसवत नसे. आता वयामुळे त्यांना तसेही कमी ऐकू येते. "उरलेसुरले पावसाला देऊ का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी भीती आमची स्वतःची होती. अम्मींचे धाकटे भाऊ, आमचे मामू, श्रीवर्धनला असतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांत हजारो घरांची छपरे गेली. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मामूंच्या शेजारचे पत्रे दोन घरे ओलांडून पडले होते. आम्ही त्यांना फोन केला तेव्हा वाटले होते की ते पत्रा नकोच म्हणतील. ते म्हणाले, "पत्रा फाटून गेला नाही रे. खालची लाकडे भिंतीपासून सुटली, ती पत्र्याला घेऊन गेली. तुम्ही पत्रा नंतर बघा, आधी वासे बघा."

मामूंच्या या बोलण्याने आमचा विचारच उलटला. मंगलोरी कौलांचे छप्पर दर चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच जागेचा पत्रा जेमतेम चार-पाच किलोचा. कौले आपल्या वजनानेच वाऱ्यापुढे बसून राहतात. पत्रा हलका, म्हणून जुन्या भिंतींना बरा. आणि हलका म्हणूनच त्याला धरून ठेवावे लागते. वारा वळचणीखाली शिरला की छपराला खालून वर ढकलतो, आणि सगळ्यात जास्त ताण कडांवर आणि कोपऱ्यांवर येतो. म्हणून पत्र्याच्या आधी पैसे गेले ते वाशांना भिंतीशी बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर. त्या आता दिसतही नाहीत.

मग पत्रा. दुकानात गेलो तर समोर रंगच रंग. लाल, हिरवा, निळा, विटकरी. दुकानदार रंग विचारत होता आणि आम्हीही पहिला तास रंगच बघत राहिलो. पुढे समजले की विचारायचे ते रंगाच्या आतले. नुसते लोखंड आमच्या हवेत दोन पावसाळेही टिकणार नाही. त्याच्यावर जस्त चढवायची युक्ती १८३७ सालची, फ्रान्समधल्या सोरेल यांच्या नावावर तिचे पेटंट आहे. ओरखडा पडला तर जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. आता दुसरे लेपन मिळते. त्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि थोडे सिलिकॉन असते. पावसाच्या हवेत ते साध्या जस्तापेक्षा जास्त टिकते. आम्ही तेच घेतले, दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम लेपनाचे, वर फिकट रंग. फिकट अशासाठी की तो ऊन परतवतो.

जाडीचे एक सांगण्यासारखे आहे. दुकानात '०.५०' म्हटले तर तो आकडा नुसत्या पोलादाचा की रंग-लेपन धरून, हे विचारून घ्यावे. आम्हाला पहिल्या ठिकाणी लेपनासकट आकडा सांगितला होता. वानरे उडी मारतात तिथे पातळ पत्रा पोचतो, पोचलेल्या जागी पाणी थांबते, आणि थांबलेल्या पाण्यातून गंज सुरू होतो.

पैसे पुरत नव्हते. दुकानदाराने हप्ते देऊ केले, पण त्यात व्याज होते, ते आम्हाला नको होते. त्या रात्री अम्मींनी आपली पेटी उघडून आमच्यापुढे ठेवली. उमऱ्यासाठी साठवलेली रक्कम होती. आमच्यापैकी कोणीही तिला हात लावला नाही. यादी पुन्हा काढून बसलो. पन्हळी एका वर्षाने लावू, ओसरीला नवी फरशी नको, आतून आवाज अडवणारे अस्तर सगळीकडे नको, फक्त अम्मींच्या आणि मुलांच्या खोलीला. उरलेली रक्कम मामूंनी बिनव्याजी दिली. ती दोन हंगामांत फेडायची होती. अम्मींनी पेटी बंद केली, पण किल्ली बरेच दिवस आमच्याच हातात देऊन ठेवली होती.

मे महिना हा आमचा कमाईचा. घोडे आणि पाहुणे सोडून छपरावर चढता येत नाही, म्हणून काम फेब्रुवारीत काढले. नगरपरिषदेत अर्ज देऊन परवानगी आधीच घेतली होती. पत्रे दस्तुरीपर्यंत टेम्पोने आले. पुढे जवळपास तीन किलोमीटर माणसांच्या डोक्यावरून. घोड्यावर पत्रा लादता येत नाही. वाऱ्यात तो फडफडतो आणि जनावर बुजते. १९०७ साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी या डोंगरावर रेल्वे आणली. शंभरावर वर्षे झाली, तरी आमचे छप्पर मात्र हमालांच्या डोक्यावरूनच वर चढले. लांब पत्रे वळणावर फिरत नाहीत, म्हणून बारा फुटांचेच घ्यावे लागले आणि मध्ये एक जोड आला. तो जोड एका विताचा ठेवला.

बसवताना पत्रे पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेकडे लावत आणले. म्हणजे जोडाची उघडी कड पूर्वेला राहते आणि पश्चिमेची झड तिच्यात शिरत नाही. कौलांचा जुना तीव्र उतार तसाच ठेवला. कापायला ग्राइंडर लावू दिला नाही, कारण त्याच्या ठिणग्यांनी लेपन जळते आणि उडालेला लोखंडी भुगा पत्र्यावरच गंजतो. कातरीने कापायला लावले. पत्र्याखाली बबल शीट घातली. ती नसेल तर थंड रात्री घरातली वाफ पत्र्याला लागून ठिबकते, आणि माणूस गळती शोधत छपरावर फिरत राहतो.

एवढे सगळे सांभाळूनही एक चूक झालीच. मिस्त्रीने पश्चिमेच्या बाजूला स्क्रू पत्र्याच्या खळग्यात मारले. उंचवट्यावर मारायला लांब स्क्रू लागतात, त्याने आखूड आणले होते. आम्ही त्या दोन दिवशी घोड्यांच्या नालबंदीत होतो, वर चढून पाहिले नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला आणि अकरा जागी थेंब पडू लागले. खळगा म्हणजे पाण्याची वाट. त्या वाटेतच भोके होती. दुसऱ्या मिस्त्रीने सगळे आखूड स्क्रू काढले, भोके जाड स्क्रू आणि सीलंटने बंद केली, आणि रबरी वॉशरचे लांब स्क्रू उंचवट्यावर मारले. पत्र्यात जेवढे पैसे घातले त्याच्या मानाने स्क्रूंची किंमत काहीच नव्हती, पण गळायचे की नाही ते त्यांनीच ठरवले.

जूनमध्ये खरा पाऊस लागला. पहिल्या रात्री आम्ही दोघे जागे होतो. स्वयंपाकघरात खरोखरच एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. अम्मींच्या खोलीत अब्बांनी केलेली तक्तपोशी होती. तिच्या फळ्यांवर आम्ही ग्लासवूलची गादी पसरली होती आणि गादी न् पत्रा यांच्यात हातभर जागा मोकळी ठेवली होती. दार उघडून आत गेलो. पाऊस होता, पण दूर, शेजारच्या घरावर पडत असावा तसा. अम्मी जाग्याच होत्या. म्हणाल्या, "दार लावून घ्या, तुमच्या बाजूचा आवाज येतोय."

अजान मात्र पावसाच्या जोरात अजूनही नीट ऐकू येत नाही. मोठ्या मुलाने अम्मींच्या उशाशी घड्याळ लावून दिले आहे. त्यांची तक्रार संपली असे आम्ही म्हणणार नाही. दुपारी त्या ओसरीत बसतात, पाऊस वाढला की हाताने खूण करतात, बोलणे थांबते आणि मग पुन्हा सुरू होते. वानरे पहिल्यासारखीच येतात. आवाज तिप्पट होतो, पण पाळण्यावर आता काही पडत नाही.

उतरवलेल्या कौलांचे काय करायचे हा प्रश्न होता. तबेल्यालाही पत्राच घालायचा आमचा विचार होता. पण घोड्यांच्या मुताच्या वाफेत अमोनिया असतो आणि तो हे लेपन खातो, असे दुकानदारानेच सांगितले. शिवाय पत्र्यावरच्या आवाजाने घोडे रात्रभर उभे राहिले असते. म्हणून शाकारणीच्या चाचांना बोलावले. त्यांनी दोन दिवस बसून धड कौले निवडली, शेवाळ खरवडले आणि अब्बांची कौले तबेल्यावर चढवली. अम्मी खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि एकेक कौल मोजत होत्या. शेवटच्या रांगेत एक कमी पडले. कपाटावरचा तुकडा आठवून आम्ही तिघेही एकदमच हसलो.

यंदाच्या मिरगाआधी घराच्या छपरावर कोणाला चढावे लागले नाही. तबेल्याची शाकारणी तेवढी झाली.