आरसा ठेवावा कीं टाकावा?

ज्या अवजारावर माणसाचें पोट चालतें तें केव्हां बदलावें, हा प्रश्न दिसायला व्यवहाराचा असला तरी त्याचें उत्तर नुसत्या जमाखर्चाच्या वहींत सांपडत नाहीं. सुताराचा रंधा बोथट झाला म्हणजे लाकूडच तें सांगतें. शिंप्याच्या यंत्राची सुई मोडली म्हणजे दोरा तुटतो. परंतु जें अवजार झिजलेलें नाहीं, मोडलेलें नाहीं, कालपर्यंत जें काम करीत होतें तेंच आजहि तितक्याच इमानानें करीत आहे, आणि तरीहि ज्याला भोंवतालचे लोक ‘जुनें’ म्हणूं लागले आहेत, अशा अवजाराचें काय करावें? लग्नसमारंभांचे फोटो काढून चरितार्थ चालविणाऱ्यांपुढें गेलीं कांहीं वर्षें हा प्रश्न उभा आहे. आमच्या घरीं तो गेल्या चातुर्मासांत, म्हणजे लग्नाच्या तिथि नसल्यामुळें या धंद्यांतील लोकांना विचार करण्यास सवड असते अशा वेळीं, येऊन दाखल झाला.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव साताऱ्यास फोटो-स्टुडिओ चालवितात. त्यांच्यापाशीं निकॉन कंपनीचा, २०१४ सालीं निघालेला डी ७५० हा कॅमेरा, तीन लेन्सेस आणि दोन फ्लॅश आहेत. हें सर्व विकून सोनीचा नवा संच घ्यावा, कमी पडेल ती रक्कम बँकेकडून कर्जाऊ काढावी आणि त्या कर्जास आम्हीं जामीन राहावें, अशी त्यांची योजना होती. ‘काका, आमच्या ओळखीच्यांत आरशाचा कॅमेरा घेऊन फिरणारा आतां मी एकटाच उरलों आहें,’ हें त्यांच्या युक्तिवादाचें सार. आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक. कर्ज आणि जामीन या विषयांवर वर्गांत तासन् तास बोलणें निराळें, आणि पुतण्याच्या कागदावर सही करणें निराळें. तेव्हां सही करण्यापूर्वीं हें आरशाचें प्रकरण काय आहे तें समजून घ्यावें असें आम्हीं ठरविलें.

आरशाच्या कॅमेऱ्याची रचना अशी असते : लेन्समधून आलेला प्रकाश आंतल्या तिरप्या आरशावर पडतो, वरच्या लोलकांतून वळतो आणि डोळ्यापर्यंत पोंचतो. बटण दाबलें कीं आरसा वर उचलला जातो, शटर उघडतें आणि प्रकाश मागच्या संवेदकावर पडतो. म्हणजे ज्या क्षणाचें चित्र निघतें नेमका तोच क्षण चित्र काढणाऱ्याला दिसत नाहीं. अंतरपाट दूर झाला, वधूवरांची दृष्टादृष्ट झाली, सारा मांडव तें पाहतो. न पाहणारा एकटाच, आणि त्याच्याच हातून तें पुढच्या पिढ्यांना दिसावयाचें असतें! नव्या कॅमेऱ्यांतून हा आरसाच काढून टाकलेला आहे. संवेदकावर पडलेलें चित्र एका चिमुकल्या पडद्यावर डोळ्यापुढें येतें. तें उजळ येणार कीं काळवंडणार हें आधींच कळतें. आणि चेहऱ्यांत डोळा कोठें आहे हें ओळखून यंत्र स्वतःच तेथें फोकस धरतें. सूनमुखाच्या वेळीं सासूबाईंना आरसा अजून हवा असतो. कॅमेऱ्याला मात्र तो नकोसा झाला आहे.

खरी अडचण पुढेंच आहे, आणि ती लेन्सची आहे. कॅमेरा व लेन्स ज्या कड्यानें जोडलीं जातात त्याला माउंट म्हणतात, आणि हें कडें बहुधा प्रत्येक कंपनीचें वेगळें असतें. त्यामुळें दोनचार चांगल्या लेन्सेस घेतलेला मनुष्य न कळत त्या कंपनीच्या घरचा जांवई होऊन बसतो. निकॉननें आपलें ‘एफ’ माउंट १९५९ सालीं आणलें व तें सुमारें साठ वर्षें संभाळलें. कॅननने १९८७ सालीं उलट मार्ग धरला : जुनें ‘एफडी’ माउंट सोडून ‘ईएफ’ सुरू केलें, आणि जुन्या लेन्सेस नव्या कॅमेऱ्यांना सरळ बसेनाशा झाल्या. पहिलीचें वर्तन एकनिष्ठ आणि दुसरीचें निष्ठुर, असा निवाडा देण्याचा मोह होतो. परंतु एकनिष्ठेलाहि किंमत पडतेच. ‘एफ’च्या कड्याचें तोंड ४४ मिलिमीटरचें, आणि कड्यापासून संवेदकापर्यंतचें अंतर ४६.५ मिलिमीटर; हें अंतर इतकें मोठें, कारण मध्यें आरशाला हलावयास जागा हवी. २०१८ सालीं निकॉननें ‘झेड’ व कॅननने ‘आरएफ’ अशीं बिनआरशाचीं नवीं माउंटें काढलीं. ‘झेड’चें तोंड ५५ मिलिमीटरचें व अंतर अवघें १६ मिलिमीटर. २०२० नंतर या दोन्ही कंपन्यांनीं आरशाचा नवा मोठा कॅमेरा काढलेला नाहीं. तेव्हां आरशाचें युग सरलें हें पुतण्याचें म्हणणें खोटें नव्हतें.

पण या आंकड्यांतच त्याच्या योजनेला उत्तरहि होतें. ४६.५ मधून १६ वजा जातां साडेतीस मिलिमीटर उरतात. तेवढ्या लांबीचा पोकळ ॲडॅप्टर मध्यें बसविला कीं निकॉनची जुनी लेन्स तिच्या नव्या कॅमेऱ्यावर आपल्या मूळच्या अंतरावर उभी राहते. म्हणजे कॅमेरा नवा करावा हा एक प्रश्न आणि घर बदलावें हा दुसरा; पुतण्यानें त्या दोहोंची गांठ मारलेली होती.

जो पैसा खर्च होऊन गेला तो पुढच्या निर्णयांत धरूं नये, असें आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितों, आणि पुतण्यानें तेंच तत्त्व आमच्यावर उलटविलें : ‘लेन्सेसमध्यें घातलेले पैसे गेले असें समजा.’ परंतु लेन्स हा गेलेला पैसा नव्हे. तिला दोन किंमती आहेत. बाजारांत विकावयास नेली तर येईल ती एक, आणि उद्यांच्या लग्नांत ती जें काम करील त्याची दुसरी. लोकांनीं जुन्या माउंटाकडे पाठ फिरविली कीं पहिली किंमत घसरते; दुसरी जागच्या जागीं राहते. या दोहोंतला फरक हाच घर बदलण्याचा खरा खर्च होय. त्यांत हाताच्या संवयीचा खर्च मिळवावयास हवा. निकॉनवर लेन्स बसवितांना जी दिशा, तिच्या उलट कॅननवर व सोनीवर. कार्यालयाच्या मंद उजेडांत, मंगलाष्टकें शेवटच्या कडव्यावर आलीं असतां, बोटांना विचार करावा लागूं नये. सोनीच्या बाजूनेंहि सांगण्यासारखें पुष्कळ होतें : तिचा पूर्ण आकाराच्या संवेदकाचा पहिला बिनआरशाचा कॅमेरा २०१३ सालींच आला, आणि सिग्मा, टॅमरॉन यांच्यासारख्या इतर कंपन्यांच्याहि लेन्सेस तिच्यासाठीं पुष्कळ मिळतात. ज्याला पहिलाच संच घ्यावयाचा आहे त्यानें हें जरूर तोलावें. ज्याच्या घरीं संच आहे त्याचा तराजू निराळा.

तरीहि नुसत्या तर्कानें निकाल लागेना. तेव्हां आम्हीं एक अट घातली. गेल्या हंगामांतील चौदा लग्नांतले जे फोटो आल्बममध्यें घेतां आले नाहींत, ते सर्व उघडावे आणि प्रत्येक कां बिघडला तें समोर लिहावें. तीन रात्री आम्ही दोघे हें काम करीत बसलों होतों. निम्म्याहून अधिक फोटोंचा दोष कोणत्याहि कॅमेऱ्यानें गेला नसता : कोणा आप्तानें मोबाइल उंच धरलेला, वराच्या पाठीशीं झगझगीत दिवा आलेला, होमाच्या धुराच्या बाजूस उभें राहणें झालेलें. दुसरा ढीग फोकसचा. त्यांत एक फोटो होता. वधूची आजी तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटें मोडीत आहे; फोकस मात्र वधूच्या मुंडावळीच्या मोत्यांवर पडलेला, आणि आजीचा चेहरा पुसट. त्या बाई वैशाखांत वारल्या. घरच्या माणसांनीं नंतर तोच फोटो मागितला. दुसरा नव्हता. पुतण्यानें कारणाच्या रकान्यांत ‘फोकस’ एवढेंच लिहिलें व पुढचा फोटो काढला. आम्हींहि कांहीं बोललों नाहीं; पण कॅमेऱ्याचा मोह आणि कॅमेऱ्याची गरज यांतला फरक त्या रात्रीं आमच्यापुढें स्पष्ट झाला.

तिसरी यादी फोटोंची नव्हती, हातच्या गेलेल्या कामांची होती. आतां लग्नघरीं फोटोइतकाच चलच्चित्राचा आग्रह असतो. चलच्चित्र घेतांना आरसा सतत वर राहतो, आणि आरशाच्या आधारानें चालणारी फोकसची यंत्रणा तेवढा वेळ आंधळी होते. ही त्या रचनेचीच मर्यादा. कारागिराच्या कौशल्यानें ती भरून निघत नाहीं.

या तीन याद्यांवरून निर्णय आपोआप उतरला. निकॉनचाच ‘झेड ६’, पण त्याची २०२० सालची दुसरी आवृत्ति घ्यावी. २०१८ च्या पहिल्या आवृत्तींत एकाच कार्डाची सोय होती. दुसरींत दोन कार्डें बसतात, आणि जो समारंभ पुन्हा होणें नाहीं त्याची प्रत एकाच कार्डावर ठेवणें शहाणपणाचें नव्हे. पुतण्याच्या दोन झूम लेन्सेसमध्यें स्वतःची मोटर आहे; त्या ॲडॅप्टरवर नीट फोकस करतात. तिसरी, ८५ मिलिमीटरची, जुन्या पद्धतीची असून तिला कॅमेऱ्याच्या मोटरीनें फिरवावें लागतें, आणि ॲडॅप्टरांत तशी मोटर नाहीं. ती डी ७५० वरच राहील, आणि डी ७५० दुसरा कॅमेरा म्हणून गळ्यांत राहील. कारण एकच कॅमेरा घेऊन लग्नास जाणारा मनुष्य दैवावर फार भार टाकतो. नव्याचे दोषहि आम्हीं लिहून ठेवले. कंपनीच्याच मापानें जुन्याची बॅटरी एका भरणांत १२३० फोटो काढते, नव्याची सुमारें चारशें. तेव्हां खिशांत तीन बॅटऱ्या हव्यात. सप्तपदीच्या वेळीं आवाज नको म्हणून निःशब्द शटर वापरलें तर एलईडी दिव्यांखालीं चित्रावर पट्टे उमटूं शकतात. ही गोष्ट तुळशीच्या लग्नापूर्वीं रिकाम्या कार्यालयांत जाऊन तपासून घ्यावी असें ठरलें.

कर्ज काढावें लागलेंच, पण मूळ योजनेच्या मानानें लहान; त्यावर आम्हीं आनंदानें सही केली. पुतण्याचें समाधान पुरतें झालें असें म्हणवत नाहीं. ‘काका, लोक आधीं कॅमेऱ्याचें नांव विचारतात,’ असें तो म्हणाला, आणि हा आक्षेप आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. धंद्याला अब्रूहि लागते. पुढेंमागें डी ७५० चे सुटे भाग मिळेनासे होतील, तेव्हां त्यालाहि निरोप द्यावा लागेल. कदाचित् त्या वेळीं घर बदलणेंच हिताचें ठरेल. मात्र त्या वेळींहि दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं बिघडलेल्या फोटोंचा ढीग पुन्हा एकदां उपसावा, एवढें त्यानें आमच्याजवळ कबूल केलें आहे. आणि तो ढीग या हंगामापासून तो आपण होऊन जपून ठेवूं लागला आहे.