न दिसणारे प्रेक्षक

संगीत नाटकांच्या वैभवाच्या काळात नटाला प्रेक्षकांचे मत कळण्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागत नसे. पद रंगले की पिटातून ‘वन्स मोअर’चा गजर उठे आणि तेच पद पुन्हा गावे लागे. पद न रंगले, तर खुर्च्यांची कुरकुर, खोकल्यांची साथ आणि मागच्या रांगांतील कुजबूज यांतून नटाला काय ते समजे. मत देणारा आणि मत घेणारा एकाच छपराखाली असत. एकाला दुसऱ्याचा चेहरा दिसे, आणि चेहरा दिसत असला म्हणजे माणूस बोलताना थोडा तरी विचार करतो.

कोकणातील एका वाडीत राहणारा एक वृद्ध सुतार अलीकडे असाच प्रेक्षकांच्या स्वाधीन झाला. मात्र त्याचे प्रेक्षक त्याला दिसत नव्हते. करवतीला धार लावण्यात त्याचा हातखंडा होता. करवत दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळायची, तिकोनी कानस घ्यायची, एक दात सोडून एक दात कानशीत जायचे, मग करवत फिरवून राहिलेले दात दुसऱ्या बाजूने घ्यायचे; हे काम त्याने पन्नास वर्षे केले होते. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्याच्या पुतण्याने एके दिवशी हे सारे मोबाइलवर टिपले आणि ती पाच मिनिटांची चित्रफीत यूट्यूबवर ठेवून दिली. सुताराला त्याचे फारसे काही वाटले नाही. परंतु संध्याकाळी पुतण्या म्हणाला, “काका, चाळीस जणांनी पाहिली,” तेव्हा मात्र त्याने हातातला रंधा खाली ठेवला.

चाळीस हा आकडा लहान दिसतो खरा. पण वाडीतील सारी माणसे गोळा केली तरी चाळीस भरली नसती. मग ही माणसे होती तरी कोण?

यूट्यूबवरील पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी ठेवली गेली. तिची लांबी अवघी १९ सेकंदांची आहे. यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, अमेरिकेतील सॅन दिएगो शहराच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या लांब सोंडेविषयी दोन शब्द बोलतो आणि चित्रफीत संपते. तीत पाहण्यासारखे फार काही नाही. तरी तिच्याखाली लोक आजही अभिप्राय लिहीत असतात. देवळाच्या भिंतीवर नाव कोरून ठेवण्याची खोड जुनीच आहे, तिला नवी भिंत मिळाली एवढेच!

त्या आरंभीच्या दिवसांत मत देण्यासाठी पाच तारे असत. फार आवडले तर पाच, बेताचे असेल तर तीन, टाकाऊ असेल तर एक. शाळेतील गुणांसारखी ही पद्धत दिसायला न्यायाची होती. पण परीक्षकाला प्रत्येक उत्तरपत्रिका तपासावीच लागते. प्रेक्षकावर तशी सक्ती नसते. ज्याला चित्रफीत बेताची वाटली, तो तीन तारे देण्यासाठी थांबत नाही. तो मुकाट्याने पुढे जातो. थांबतो तो भारावलेला, नाहीतर चिडलेला. सप्टेंबर २००९ मध्ये कंपनीनेच एक आलेख प्रसिद्ध केला, तेव्हा बहुतेक मते पाच ताऱ्यांची असल्याचे उघड झाले. एक तारा देणारे त्या मानाने थोडे होते आणि मधले तारे जवळजवळ ओस पडले होते. जिथे बहुतेक सर्वच मुले पहिल्या वर्गात येतात, तिथे गुणपत्रिकेला अर्थ उरत नाही. २०१० साली तारे गेले आणि त्यांच्या जागी दोन अंगठे आले: एक वर, एक खाली.

सुताराच्या चित्रफितीला आठ दिवसांत बारा अंगठे वरचे मिळाले आणि नऊ खालचे. वरच्या बारांचा आकडा सर्वांना दिसत होता. खालच्या नवांचा केवळ पुतण्याला आणि सुताराला. हा भेद नोव्हेंबर २०२१ पासून आला. त्यापूर्वी दोन्ही आकडे उघड असत. तेव्हा असे होई, की टोळकी जमवून एखाद्याला ठरवून नापसंती द्यायची आणि तो आकडा चढताना पाहून आनंद मानायचा. आकडा लपवून पाहिला तेव्हा असे हल्ले कमी झाले, असे कंपनीने सांगितले. आणि त्यांचा त्रास नव्या, लहान माणसांना अधिक होतो, हेही सांगितले. टीकाकारांनी मात्र आठवण करून दिली, की डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द यूट्यूबनेच काढलेल्या वर्षअखेरीच्या चित्रफितीवर लोकांनी एक कोटीहून अधिक नापसंत्यांचा पाऊस पाडला होता आणि त्या बाबतीत तिने तोवरचे सर्व उच्चांक मोडले होते. आपल्या अंगणात चिखल उडाल्यावर रस्ता दुरुस्त करण्याची बुद्धी पुष्कळांना होते.

पण दुसरी बाजूही खोटी नव्हती. विजेची शेगडी कशी दुरुस्त करावी हे कोणी चुकीचे शिकवीत असेल, तर खाली वळलेले हजार अंगठे पाहून नवखा माणूस सावध होत असे. विहिरीपाशी लावलेली ती धोक्याची पाटी होती. ती काढून टाकल्याबद्दल स्वतः जावेद करीमनेही नापसंती दाखविली. आपल्या त्या १९ सेकंदांच्या चित्रफितीखालचा मजकूर बदलून त्याने तिथेच आपला निषेध लिहून ठेवला. ज्याने घर बांधण्यास हात लावला, त्याला आपले म्हणणे घराच्या उंबऱ्यावर लिहावे लागले! लहानांचे रक्षण आणि अनोळखी वाटसरूला इशारा, या दोहोंपैकी एकाची निवड करावयाची होती. कंपनीने पहिले निवडले. ती निवड कदाचित बरोबरही असेल. पण जे गमावले ते क्षुल्लक होते, असे म्हणता येत नाही.

त्या नऊ अंगठ्यांनी सुताराची झोप मात्र उडविली. आकडा बोलत नाही, हेच त्याचे दुःख होते. गिऱ्हाइकाला खुर्ची पसंत पडली नाही तर तो पाय डगमगतो म्हणून सांगतो, पाठ टोचते म्हणून सांगतो. हे नऊ जण काहीच न सांगता निघून गेले होते. अभिप्राय होते, पण तेही कसे? सर्वांत वर दिसत होते ते एकाने केलेले टवाळीचे वाक्य: म्हाताऱ्याचे हात करवतीपेक्षा जास्त थरथरतात, असे काहीसे. ते वर होते, कारण हसणाऱ्या पाचसहा जणांनी त्यालाही अंगठा दिला होता. अभिप्रायांचा क्रम लावणारे यंत्र लोकांची पसंती आणि आलेली उत्तरे अशा गोष्टी पाहते. वाक्य सुज्ञ आहे की दुष्ट, हे तिथे निराळे तोलले जातेच असे नाही.

“काका, काढून टाकू का?” पुतण्याने विचारले.

सुतार काही बोलला नाही.

“चित्रफीत नव्हे, तो अभिप्राय. मला काढता येतो. सगळेच अभिप्राय बंदही करता येतात.”

हे खरे होते. चित्रफितीच्या मालकाला नको तो अभिप्राय पुसता येतो, वाईट शब्दांची यादी करून तसे अभिप्राय आधीच अडवता येतात, एखादा चांगला अभिप्राय अगदी वर टाचून ठेवता येतो. लहान मुलांसाठी काढलेल्या चित्रफितींखाली तर अभिप्रायांची जागाच नसते. मुलांच्या चित्रफितींखाली काही दुष्ट लोक घाणेरडे लिहीत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये ज्यांत मुले दिसतात अशा असंख्य चित्रफितींवरील अभिप्राय बंद करण्यात आले. त्याच वर्षी, मुलांची माहिती आईवडिलांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या प्रकरणात, कंपनीला अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले, आणि त्यानंतर नियम आणखी कडक झाले. बालगीताखाली कोणी काही लिहिलेले दिसत नाही, त्यामागे एवढे रामायण आहे.

सगळीकडे मात्र अभिप्राय चित्राच्या खाली राहत नाहीत. जपानमध्ये डिसेंबर २००६ मध्ये निकोनिको नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. तिथे प्रेक्षकाने लिहिलेली ओळ चित्रावरूनच उजवीकडून डावीकडे सरकत जाते, आणि तीही नेमक्या त्याच क्षणी, ज्या क्षणी त्याने ती लिहिली. कोणी गाण्याच्या दुसऱ्या मिनिटाला दाद दिली असेल, तर वर्षभराने पाहणाऱ्यालाही ती दुसऱ्याच मिनिटाला दिसते. गाणे संपले की पडद्यावरून आठ, आठ, आठ असे आकडे धावू लागतात; कारण जपानीत टाळ्यांचा आवाज ‘पाची पाची’ असा करतात आणि आठाला ‘हाची’ म्हणतात. मध्यरात्री खोलीत एकटाच बसलेला माणूस अशा रीतीने भरल्या रंगमंदिरात बसतो. शेजारी कोणी नसते, पण ‘वन्स मोअर’ ऐकू येतो.

सुताराने टवाळी करणाऱ्याचा अभिप्राय पुसू दिला नाही. “हात थरथरतात हे खरेच आहे,” तो म्हणाला, “पुढे काय लिहिले आहे ते वाच.” खाली, कोणाचाही अंगठा न मिळालेली एक ओळ होती. ‘कानस पुढे ढकलल्यावर परत आणताना उचलता की घाशीतच आणता, हे दिसत नाही. तुमचा हात आड येतो.’

सुतार खदखदून हसला. नऊ अंगठ्यांपैकी निदान एकाचा अर्थ त्याला लागला होता. कानस परत आणताना उचलायचीच असते. ती पुढे जातानाच कापते, मागे घासली तर तिचेच दात जातात. पन्नास वर्षे हात ते आपोआप करीत होता, म्हणून ते सांगण्याचे सुचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मोबाइल दुसऱ्या बाजूला बांधून नवी चित्रफीत काढली गेली. कॅमेऱ्यासाठी त्याने धुतलेला सदराही घातला होता.

तीही फार लोकांनी पाहिली नाही. पंधरा दिवसांनी एक अभिप्राय आला: आजोबांची गंजलेली करवत माळ्यावरून काढली, तुम्ही सांगितले तसे केले, ती पेरूची फांदी कापते आहे. आणि खाली एक प्रश्न होता, मी डावखुरा आहे, मी कानस कशी धरावी? पुतण्या उत्तर लिहिण्यासाठी सरसावून बसला. “थांब,” सुतार म्हणाला. त्याने कानस डाव्या हातात घेतली आणि तो ओसरीवर करवतीपुढे जाऊन बसला.