पापणीचा रंग

मेंढी पुढ्यात आली की मी आधी तिचा डोळा बघतो, तोही उन्हात. एक अंगठा वरच्या पापणीवर ठेवून डोळा हलकेच आत दाबायचा, दुसऱ्यानं खालची पापणी ओढायची. आतलं अस्तर लालबुंद दिसलं तर ठीक. कागदासारखं पांढरं दिसलं, तर तिच्या पोटात हिमॉन्कस बसलेला असण्याची दाट शक्यता.

हा जंत मी पहिल्यांदा नीट पाहिला तो माण तालुक्यात, मेलेल्या मेंढीचं चौथं पोट चिरताना. दोन-तीन सेंटिमीटरचे असंख्य धागे वळवळत होते. लाल-पांढऱ्या दोऱ्याला पीळ द्यावा तसे. लाल म्हणजे त्यांनी प्यायलेलं रक्त, त्याभोवती पांढरी अंडाशयं. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. हजार जंत म्हणजे रोज पन्नास मिलिलिटर. तीस किलोच्या मेंढीत रक्त असतं जेमतेम दोन लिटर! अशा मेंढीच्या जबड्याखाली पाणी उतरतं. कित्येकदा हगवणही नसते, म्हणून मेंढका गाफील राहतो.

सुरुवातीची काही वर्षं मी सगळ्या खांडाला सरसकट औषध पाजलं, पावसाळ्यात तीन-तीनदा. चूक माझीच. पुढं त्याच खांडात तेच औषध पाजूनही मेंढ्या पांढऱ्या पडत राहिल्या. औषधाला न मरणारे तेवढे जंत मी मागं ठेवले होते आणि कुरणावर त्यांचीच अंडी पडत होती.

दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी पापणीच्या पाच रंगांचं कार्ड तयार केलं. फाफा मलान यांच्या नावावरून त्याला ‘फमाचा’ म्हणतात. बहुतेक जंत खांडातल्या थोड्याच मेंढ्यांत असतात, पाजायचं त्यांनाच. बाकीच्यांतले जंत मुद्दाम राहू द्यायचे, म्हणजे औषधाला मरणारी जात टिकते.

जंत राहू द्या, हे मेंढपाळाला सांगणं मला आजही जड जातं. त्याचं सगळं धन त्या खांडात असतं.

“दहिवर वाळल्याबिगर मेंढरं सोडू नये, आमचा म्हातारा सांगायचा,” असाच एक मेंढपाळ, आबा म्हणाले. म्हातारा बरोबर होता. ओल्या गवतावरच जंतांच्या अळ्या वर चढतात.

मग आबांनी स्वतः पापण्या बघायला घेतल्या. पांढऱ्या निघतील त्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा. मधल्याच रंगाची एक आली. त्यांनी तिचं तोंड उन्हाकडे वळवलं आणि पापणी पुन्हा ओढली.