अर्धं तिकीट

आज अजिंठ्याहून परतले. बसस्थानकावरून औरंगपुऱ्यापर्यंत चालतच आले. रिक्षाचे पैसे उद्या वेरूळला कामी येतील. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं झालं आणि माझ्यासारखीचं भटकणं खऱ्या अर्थानं सुरू झालं. सॅकमध्ये एक ड्रेस, पंचा, चार्जर, गूळ-शेंगदाणे. बस्स.

सकाळी सिल्लोडच्या पुढे शेजारच्या मावशींनी विचारलंच, "एकटीच? घरचे सोडतात कसे गं?" पूर्वी मी लगेच थाप मारायचे, की मैत्रीण पुढे थांबलीय. आता नुसतं "हो, एकटीच" म्हणाले. मावशींनी क्षणभर निरखलं, मग फडकं सोडून अर्धी भाकरी अन् ठेचा माझ्या हातावर ठेवला.

प्रवासानं मी धीट झाले, असं काही म्हणवत नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचा हिशेब डोक्यात चालूच असतो, आणि पुरुषांना तो करावा लागत नाही याचा रागही येतो. परवानगी मागायची सवय तेवढी सुटली.

बायांनो, निघा. फक्त अजिंठा सोमवारी बंद असतं नि वेरूळ मंगळवारी, तेवढं बघून.